तंबूतला मारवा

रेवदंड्यात माझ्याकडे गाणं शिकायला येणारे पाच, आणि माझ्या तोंडाला घाबरून वाटेतूनच परतणारे पंधरा. चार सूर ऐकले की मी राग सांगतो, अशी माझी ख्याती होती. ती पसरवली मीच.

चौपन्न सालच्या उन्हाळ्यात कोळीवाड्यातला अनंता बायकोला, केसरला, घेऊन माझ्या दारात उभा राहिला. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. परवा तो मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून निघणार होता, तो वर्षाने परतणार.

"मास्तर, तंबूत शिनेमा लागलेला, त्यात एक सतार वाजते," तो म्हणाला. "गानं न्हाय, नुसती सतार. तिचं नाव सांगा. तंबू तर गेला उठून."

"नाव कशाला?"

"नाव कललं तर कोनाकडनं वाजवून घेता येल," केसर म्हणाली. "आताच अर्धी इसरलीय. हे येईस्तवर कायच ऱ्हायाचं न्हाय."

मी म्हटलं, गुणगुणा. दोघं एकदम गुणगुणू लागली, आणि खरं सांगतो, सुरात होती. कोमल रिषभ, तीव्र मध्यम. मारवा म्हणावा की पूरिया? आता ठरणार, तेवढ्यात दोघांचेही सूर गाळात रुतल्यासारखे खाली गेले आणि हळूहळू वर आले. असं कुठल्याच रागात होत नाही. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी चिडलो.

"नीट ऐकलंच नाहीत तुम्ही."

"तसंच हाय, मास्तर," अनंता म्हणाला. "तवाच इंजिन बसलं. पडदा पन काला झाला. मंग त्यांनी हँडल मारलं नि परत चाललं."

हसावं की रडावं कळेना. तंबूला वीज देणारं इंजिन दमलं तशी सतारही दमली, आणि या दोघांनी ते दमणंसुद्धा इमानाने पाठ केलं होतं.

इंजिन वगळलं आणि उरला लख्ख मारवा. मी दिलरुबा काढला, ती जागा दुरुस्त करून सगळं वाजवलं. बरं वाजलं. मान वर केली तर केसरचे डोळे भरलेले. मला वाटलं, आनंदाने.

"ही न्हाय," ती म्हणाली.

"हीच. मारवा. नाव लक्षात ठेव."

"नाव आसंल. पन ही न्हाय."

मी फाडकन बोलणार होतो. पण अनंता जमिनीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मग तीच बोलली. तंबूत बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मध्ये सुंभाचा दोर. ही दोघं दोराला लागून बसलेली. घरी एकच खोली, तीत सासूसासरे, दीर, नणंदा.

"कालोख झाला तवा ह्यांनी दोराखालनं माझा हात धरला. पयल्यांदा. इंजिन परत लागंस्तवर."

मला माझ्या तोंडाची लाज वाटली. मी पुन्हा गज उचलला आणि त्या जागी सूर तसाच खाली ओढला.

"जास्त झालं," अनंता म्हणाला.

पुन्हा वाजवलं. "खाली जरा थांबा," केसर म्हणाली. पाचव्या खेपेला दोघांनीही मान डोलावली.

अनंता गेला. त्या वर्षी दर सोमवारी मासळी विकून झाली की केसर रिकामी पाटी घेऊन माझ्या ओटीवर बसायची, ऐकायची आणि उठून जायची. चाळीस वर्षं मी लोकांच्या चुका काढत आलो. ही एक चूक मात्र रोज संध्याकाळी बसून घटवली, सोमवारी चुकायला नको म्हणून.