हात खाली

पिल्लू उद्या संध्याकाळी येणार होतं आणि माझा माझ्याच हातांवर भरवसा नव्हता.

मागच्या वर्षी गल्लीतल्या एका दांडगट कुत्र्याने माझ्या लेकीला, चिमणीला, आडवं पाडलं होतं. चावला नाही, साधा ओरखडाही नाही. पण तेव्हापासून लांबवर कुत्रा दिसला तरी ती माझ्या पायांना विळखा घालते आणि मी तिला उचलते. शाळेची अर्धी वाट ती माझ्या कडेवरच काढते. मग नवऱ्याच्या छापखान्यातल्या कुत्रीला पिल्लं झाली. त्यातलं सगळ्यात बारकं पाहून चिमणी म्हणाली, "हे चालेल." एवढं म्हणाली हेच खूप होतं. पण पहिल्याच भेटीत ते अंगावर उडालं आणि ती घाबरली, तर पुन्हा ती कुत्र्याचं नाव काढणार नव्हती.

म्हणून मिळेल ते वाचून काढलं. मारायचं नाही, ओरडायचं नाही. चारही पाय जमिनीवर असले की लगेच शाबासकी आणि खाऊ. उडी मारली तर गप्प उभं राहायचं, बघायचंसुद्धा नाही. आणि मुलाला उचलायचं तर मुळीच नाही. उचललं की पिल्लाला वाटतं खेळ रंगला, ते आणखी उंच उडतं.

"आज रंगीत तालीम," मी जाहीर केलं. "पिल्लू कोण होणार?"

सासूबाईंनी शिलाई मशीन थांबवून आपल्या मुलाकडे पाहिलं.

"अगं, दिवसभर उभा होतो मी!" नवरा कुरकुरला.

"मग आता रांग," मी म्हणाले. "तेवढाच बदल."

गुडघ्यांना उशा बांधून तो रांगायला लागला. हात टेकलेले असले की चिमणी त्याच्यापुढे एक शेंगदाणा टाकायची आणि खिदळायची.

"लहानपणी याला असं शिकवायचं मला सुचलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "वळण तरी लागलं असतं."

"आई, पिल्लाचा अपमान करायचा नसतो," तो रांगता रांगता म्हणाला.

मग त्याने उडी घेतली. चिमणी किंचाळली, आणि मला कळायच्या आत ती माझ्या कडेवर होती.

"पुन्हा," मी म्हणाले.

पुन्हा तेच. डोक्याला सगळं पाठ होतं, हात काही ऐकत नव्हते.

"आई, तू वाचलंस ना?" चिमणीने कडेवरूनच विचारलं.

"हात! अगं बाई, हात!" सासूबाई ओरडल्या.

"असं नाही, आई. मी चुकले की ओरडू नका. हात खाली राहिले की त्याच क्षणी 'छान' म्हणा."

"आता सुनेलाही चुचकारायचं का?"

"हो. उद्यापर्यंत."

त्या खुर्ची ओढून माझ्या समोर बसल्या. नवरा उडी मारायचा, माझी बोटं वळवळायची, मी ओढणी घट्ट धरायचे. "छान," त्या म्हणायच्या. आधी कंटाळून, मग खरोखरच. पिल्लू घामाघूम होऊन "आता जेवायला तरी वाढा" म्हणालं तेव्हा कुठे मी थांबले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दार उघडलं. छातीशी धरलेलं पिल्लू वळवळून खाली उतरलं आणि थेट चिमणीकडे धावलं. तिच्या गुडघ्यांवर पंजे रोवून उड्या मारायला लागलं. तालमीतलं पिल्लू एवढं चपळ नव्हतं. चिमणीने डोळे मिटले. "आई," ती हळूच म्हणाली.

माझे दंड अक्षरशः दुखत होते.

"इथेच आहे मी," मी म्हणाले. "उभी राहा."

ती उभी राहिली. पिल्लाने आणखी एक उडी मारली, अर्धवट. मग ते खाली उतरलं आणि मान वाकडी करून बघत राहिलं.

"आता!" मी म्हणाले.

चिमणीने मूठ उघडली. खाऊचे सगळेच तुकडे खाली सांडले. पिल्लू त्यांवर तुटून पडलं. तिने एक डोळा उघडला.

"खाताना किती आवाज करतं गं!"

मी आणखी तुकडे तिच्या हातावर ठेवले आणि दोन पावलं मागे सरले.