सोनाराचा श्वास

मित्रांनो, फुंकणी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे चूल येते, राख येते आणि धुराने डोळे चोळणारे कोणीतरी येते. माझी गणती त्या फुंकण्यांत करू नका. मी एका सोनाराची जुनी फुंकणी आहे. वीतभर लांब, पितळेची, तोंडाशी जाड आणि पुढे निमुळती होत टोकाशी जराशी वाकलेली. माझ्या टोकाचे भोक इतके बारीक आहे की त्यातून सुईलाही अंग चोरून जावे लागते. एवढ्यावरून मी थोडी गर्विष्ठ आहे हे तुमच्या लक्षात आलेच असेल. जन्मभर सोन्याच्या शेजारी राहायचे तर पितळेला थोडा गर्व लागतोच.

मला एका तांबटाने घडवले. त्याने पत्रा सळईभोवती गुंडाळून माझी नळी केली, पोटात वाळू ठासून भरली आणि मगच मला वाकवले. वाळू नसती तर वाकताना माझा गळा चेपला असता. तेव्हा मात्र ती वाळू मला अगदी नकोशी झाली होती. ती झटकून टाकल्यावर तांबटाने माझ्यात पहिली फुंकर घातली आणि म्हणाला, "चल, मोकळी झालीस." त्याच आठवड्यात एक तरुण सोनार मला घेऊन गेला.

त्याचे दुकान घराच्या बाहेरच्या खोलीत होते. आतल्या खोल्यांत संसार आणि मध्ये एक जाड पडदा. खिडकीजवळ ठेंगणे मेज, त्यावर ऐरण, चिमटे, कानशी, कोळशाचा सपाट तुकडा आणि तेलाचा दिवा. सोन्याला सोने जोडतात त्याला झाळणे म्हणतात. दोन टोके कोळशावर एकमेकांना भिडवायची, मध्ये जोड स्वच्छ ठेवणारा टाकणखार आणि वितळून सांधणाऱ्या डाखाचा कण ठेवायचा, आणि माझ्यातून दिव्यावर फुंकर घालायची. मग ती लोळणारी पिवळी ज्योत आडवी होते, निळी आणि टोकदार होते आणि नेमकी हवी तिथेच जाऊन बसते. फुंकर मात्र मध्येच तुटता कामा नये. माझा सोनार गालांत हवा साठवून फुंकत राही आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घेई. कितीतरी वेळ त्याची ज्योत हलत नसे. गिऱ्हाइके दागिना विसरून त्याच्या गालांकडे बघत बसत.

पुढे आसपासच्या दुकानांत गॅसचे बर्नर आले. त्यानेही एक आणला, पण नाजूक कामाला हात माझ्याकडेच येई. काम संपले की तो मला पुसून सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवी. जेवायला बसतानाही मी तिथेच. त्याची बायको म्हणायची, "अहो, ती सवत जरा खुंटीला टांगा." तो हसायचा आणि मला खिशात आणखी खाली सारायचा. मित्रांनो, खरे सांगते, मला ते फार आवडायचे.

काहीतरी बिघडले आहे हे मला सगळ्यांच्या आधी कळले. एका साध्या बाळीच्या जोडाला त्याची फुंकर मध्येच तुटली. ज्योत डगमगली, डाख भलतीकडे पळाला. त्याने खोकून घेतले आणि पुन्हा सुरुवात केली. "धूर गेला," तो म्हणाला. मग रोजच धूर जाऊ लागला. रुमालावर लाल ठिपका दिसला तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या त्याच्या मुलीने काही न विचारता त्याला स्कूटरवर बसवले आणि रुग्णालयात नेले. मी खिशातच होते. तपासणीच्या मोठ्या यंत्रात धातू चालत नाही म्हणून मला बाहेर एका तबकात काढून ठेवले. तिथे कोणाचे घड्याळ होते, कोणाच्या बांगड्या होत्या. आम्ही सगळे आपापल्या माणसांची वाट बघत पडलो होतो.

गाठ कर्करोगाची निघाली. डाव्या फुफ्फुसात, माझ्या खिशापासून चार बोटांवर. इतकी जवळ बसून मला तिचा पत्ता लागला नव्हता.

शल्यचिकित्सक बाई मोजके बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पडद्यावर चित्र लावले आणि पेनाच्या टोकाने दाखवले. "गाठ इथे मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीय. मी कापायला गेले तर तुम्ही टेबलावरून उठणार नाही. ऑपरेशन करता येणार नाही." त्या पुढेही बोलत होत्या. किरण, औषधे, लवकर सुरुवात, असे शब्द मी ऐकले. मुलगी मान हलवत होती. पण माझ्यामागचे काळीज असे धडधडत होते की त्या आवाजात सोनाराला काही ऐकू आले असेल असे मला वाटत नाही.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "मला मोडीत काढलं."

त्यानंतर कापणारा हात शोधायची मोहीम सुरू झाली. दुसरे डॉक्टर झाले, तिसरे झाले. दोघांनीही तेच चित्र बघितले आणि तेच सांगितले. मुलगी काकुळतीला आली. "बाबा, किरणांचं तरी सुरू करू या. उशीर नको, असं त्या पहिल्या बाई बजावून सांगत होत्या."

"उन्हात वाळत घालून गाठ जाते होय? जे वाईट आहे ते काढून टाकायचं असतं," तो म्हणायचा. जन्मभर सदोष तुकडा कापून नवा बसवणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचणार? मी त्याला दोष देत नाही. मलाही वाटत होते की कोणीतरी ती गाठ एकदाची उचलून बाजूला ठेवावी आणि आम्ही पुन्हा दिव्यापुढे बसावे.

अशात शेजाऱ्याने एका माणसाचा पत्ता दिला. तो म्हणे खास सोन्याचे भस्म देतो आणि गाठी विरघळवतो. माझ्या सोनाराचे डोळे लकाकले. सोने म्हणजे त्याच्या घरचेच माणूस. पुडीत राखाडी, तांबूस पूड आली. सकाळ-संध्याकाळ ती मधातून घ्यायची आणि बाकीची औषधे बंद ठेवायची, अशी अट होती. तो रोज आरशापुढे उभा राहून छाती दाबून बघायचा आणि म्हणायचा, "हलकं वाटतंय." खोकला मात्र वाढतच होता. किरणांसाठी मुलीने घेऊन ठेवलेली तारीख येऊन गेली. मुलगी अबोला धरून बसली, आणि अबोल्यातही दर संध्याकाळी येऊन फळे ठेवून जाऊ लागली.

एका दुपारी बायकोने पुडी आणली आणि त्याच्या मेजावर ठेवली.

"अहो, गिऱ्हाईक सोनं आणून देतं तेव्हा तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवता का?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे बघा. तुमचंच तर काम आहे. यात सोनं असलं तर मी उद्यापासून स्वतःच्या हातानं चाटवीन."

त्याने पुडी उलगडली. मग त्याने चिमूटभर पूड कोळशावर ठेवली, टाकणखार टाकला, दिवा लावला आणि मला उचलले. किती दिवसांनी त्याचे ओठ मला लागले. मी आनंदाने हुरळून गेले, आणि लगेच शरमले. कारण फुंकर आली ती कापरी, अर्धवट. ज्योत वळली आणि मोडली. त्याला खोकल्याची उबळ आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्याने मला खाली ठेवले आणि हाताच्या तळव्यांनी डोळे झाकले. ज्या माणसाची ज्योत कधी हलत नसे त्याला चिमूटभर राख तापवता येईना. त्याच्या श्वासासाठी मी तेव्हा जेवढी तडफडले तेवढी कधीच तडफडले नाही.

बायको स्टूल ओढून जवळ बसली. इतक्या वर्षांत तिने मला हात लावला नव्हता. तिने मला पुसले आणि तोंडाला लावले. पहिल्याच फुंकरीत दिवा विझला.

"जोर नको लावूस," तो म्हणाला. "गालात साठव. नाकानं घेत राहा."

"तुम्ही बोलत बसलात तर मला हसू येईल."

"हस, पण ओठ सोडू नकोस."

ती शिकली असे म्हणवत नाही, पण ज्योत कशीबशी तिरपी झाली आणि कोळसा लाल झाला. पूड वितळली, उकळली, तिचा एक काळपट मणी झाला. सोनाराने तो निवू दिला, हातोडीने फोडला, त्यातले कण कसोटीच्या दगडावर घासून बघितले. दगडावर सोन्याची रेघ उमटली नाही. आणखी एकदा घासले. काही नाही.

"माती आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

 बायकोने काळे झालेले ओठ पुसले.

मग तोच बोलू लागला. "ती हिरव्या खड्याच्या अंगठीची बाई तुला सांगितली होती ना मी? तिच्या आईची अंगठी. तडा अगदी खड्याला लागून होता. मी म्हटलं, इथं आग लावली तर खडा जाईल, झाळता येणार नाही. पण आगीशिवाय बारीक तार गुंडाळून अंगठी टिकवून देतो. ती तडक उठून गेली. दुसऱ्यानं बर्नर लावला आणि खडा तडकला. मग माझ्यापुढे येऊन रडली. मी तिच्यावर चिडलो होतो. म्हटलं, बाई, माझं पुढचं वाक्य तुम्ही ऐकलंतच नाही."

त्याने कसोटीचा दगड पुसून ठेवला. खिडकीतून रस्त्यावरच्या सायकलींचे आवाज येत होते.

"त्या डॉक्टरबाईंचं पुढचं वाक्य काय होतं गं?"

"मला काय माहीत? मी कुठं होते तिथं? मुलीला विचारा. तिला पाठ आहे, पण तुम्ही तिला बोलू दिलं तर ना."

मुलगी आली. बापाने विचारल्यावर तिने शांतपणे सांगितले, गाठ कापता येत नसली तरी किरणांनी आणि औषधांनी आवरता येईल, फक्त उशीर नको, आणि मग त्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच बाईंकडे गेले. किती वेळ वाया गेला याबद्दल बाई रागावल्या आणि लगेच कामाला लागल्या. किरणांचा विभाग तळघरात होता. तिथल्या तंत्रज्ञाने सोनाराच्या छातीवर शाईने बारीक खुणा केल्या आणि प्रकाशाच्या रेघा त्या खुणांवर आणून बसवल्या. बाहेर आल्यावर सोनार कौतुकाने म्हणाला, "एक डोळा मिटून बघतो, अगदी माझ्यासारखा. केसभरही इकडेतिकडे नाही." गेले कित्येक दिवस त्याने कोणाचेही कौतुक केले नव्हते.

ते दिवस वाईट होते मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही. शिरेतून औषध चालले की दोन दिवस त्याला भिंतीकडे तोंड करून पडावेसे वाटे. घशातून पाणीसुद्धा उतरत नसे. बायको सगळे शिजवून, घोटून, गाळून देई आणि तो तोंड वाकडे करून घोट घोट घेई. सदऱ्याऐवजी बिनखिशाचा सैल अंगरखा आला आणि माझी रवानगी मेजाच्या खणात झाली. तिथे अंधारात माझ्या अंगावर हिरवट थर चढला. वरून त्याच्या श्वासाचा आवाज येई तेवढाच माझा आधार. कधी तो जड येई, कधी येईनासा वाटे, आणि मी खणात काळजीने गार पडे.

त्यातच घरात एक सवत आली. प्लास्टिकची, तीन नळ्यांत तीन रंगीत गोळ्या. फुफ्फुसाच्या व्यायामाचे खेळणे ते. त्यात फुंकायचे नसते, उलट श्वास ओढून गोळ्या वर न्यायच्या असतात. रोज सकाळी तो त्या प्लास्टिकला ओठ लावी. मी तिला पाण्यात पाहू लागले. पण एका सकाळी तिसरी गोळी टक्कन वर लागल्याचा आवाज आला, बायको आतून म्हणाली, "लागली का हो?" आणि मी माझे भांडण तिथेच सोडून दिले.

उपचार संपल्यावर पुन्हा चित्र काढले. गाठ आकसली होती, पण गेली नव्हती. सोनाराने फार आशेने विचारले, "मग आता तरी कापता येईल का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आताही नाही."

मुलीने बापाचा हात धरला.  तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बरं. आता पुढचं सांगा. शेवटपर्यंत ऐकतो."

हे मला नंतर कळले, मुलगी आईला सांगत होती तेव्हा. पुढचे असे होते की गाठीवर नजर ठेवायची, रोज गोळी घ्यायची, ठरावीक महिन्यांनी यायचे. किती दिवस मिळतील ते कोणी सांगू शकत नव्हते. आणि दिव्याचा धूर बंद, फुंकणे बंद.

आता तो पुन्हा मेजाशी बसतो. खडे बसवतो, मोती ओवतो, बिनआगीची सगळी कामे करतो. मुलीने खिडकीत धूर बाहेर ओढणारा पंखा लावून दिला आहे. कधी अगदी नाजूक जोड आला की तो धुरापासून लांब मागे, तोंडाला फडके बांधून उभा राहतो आणि बायको फुंकते. तिची ज्योत अजून डगमगते. तो मागून "नाकानं, नाकानं" म्हणतो आणि ती डोळ्यांनीच त्याला दटावते. माझ्या अंगाला तिने चिंच लावून पुन्हा चकाकी आणली आहे. माझे बरे चालले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला कधी "हे करता येणार नाही" असे सांगितले गेले, तर त्या माणसाजवळ बसून राहा. भीतीने त्याचे कान बंद झालेले असतात, तेव्हा त्याच्या वाटचे तुम्ही ऐका आणि त्याला पुन्हा पुन्हा सांगा. रागावू नका. मोठी माणसेही घाबरतात.

आणि माझे विचाराल, तर मला अजून त्याचाच श्वास हवा आहे. रोज हवा असतो. काम संपले की तो मला पुसतो आणि जुन्या सवयीने ओठांपर्यंत नेतो. तिथे त्याला आठवते आणि तो थांबतो. त्या वेळी एक फुंकर माझ्यात आली तर मी जन्माची तृप्त होईन. पण त्याला आता श्वास पुरवून वापरावा लागतो. जिना चढायला लागतो, मुलीला हाक मारायला लागतो, बायकोशी भांडायला लागतो. त्यातला एकही मला नको. सगळे त्याच्याकडेच राहू देत.