न्हाऊ घालणारे हात

"दुखतं का?"

"दुखतंय की."

नगरच्या डॉक्टरांनी चांगुणाच्या भेगाळलेल्या तळहातावर पुन्हा टाचणी टोचली. ती पुन्हा कळवळली.

"मग हा महारोग नाही. त्यात टोचलेलं कळत नसतं. कपडे कशानं धुता?"

तेव्हा कुठे खरं बाहेर पडलं. चांगुणा बेलापुरात पंचवीस वर्षं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायची. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळं गाव म्हणे. मग घरोघर धुण्याची पावडर आली. बाळोती धुता धुता तिचे हात खाजू लागले, चिरले. तान्ह्या जिवाला काही बाधू नये म्हणून ही खुळी त्याच पावडरीनं दिवसातून चारदा हात घासायची. वर्षभरात गावानं महारोग समजून तिला बोलावणं बंद केलं.

"त्या पावडरीत धातूचा अंश असतो, तो तुमच्या कातडीला सोसत नाही. पावडर सोडा. हे कुणाला लागत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

चिठ्ठी कमरेला खोवून ती तडक मिरजगावच्या एस.टी.त बसली. लेकीचं, पुष्पावतीचं, पहिलं बाळंतपण रीतीनं माहेरी व्हायचं होतं. पण हातांची बातमी पोचली आणि विहीण लंकाबाईनं सून धाडलीच नाही. आज नातू पाच दिवसांचा झाला होता.

जावयानं, मच्छिंद्रनं, चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "आता नातवाला मीच न्हाऊ घालते," चांगुणा म्हणाली.

"कागूद खरा आसंल, इहीनबाई," लंकाबाई म्हणाली. "पन तिचं पोर हाय. तिलाच इचारा."

चांगुणानं लेकीकडे पाहिलं. हिलाही याच हातांनी न्हाऊ घातलं होतं. पुष्पावती त्या हातांकडे बघत राहिली.

"आये, बरं झाल्यावर घे की," ती हळूच म्हणाली आणि तिनं बाळ पदराआड ओढलं.

चांगुणाचं काळीज तुटलं. टाचणी परवडली, असं तिला झालं. "व्हय, तसंच करू," एवढंच ती म्हणाली.

न्हाणीत शेजारच्या आक्काबाईनं पाय पसरून बाळ पायांवर घेतलं. चांगुणा हात पदराखाली घेऊन बाहेर उंबऱ्याशी बसली. पहिला तांब्या पडला आणि बाळ रडलं. त्या रडण्यावरूनच तिला कळलं.

"पानी कडक हाय, बाई. इसन घाला."

आत गार पाणी ओतल्याचा आवाज आला. रडणं थांबलं. पदराखाली चांगुणाचे हात आपसूक फिरत होते, पाठीवरून, मानेवरून, टाळूपर्यंत.

"आता टाळू भरा," ती म्हणाली. "दमानं."