शिल्लक माल

दिवाळीच्या सुट्टीत वर्षा घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं आईची लोखंडी पेटी अंगणात ओढून काढली. लालीबाई कापूस वेचायला निघाली होती. कमरेला ओटी बांधता बांधता ती तिथंच थांबली.

“काहून ओढून राह्यली पेटी? कडी तुटन तिची.”

“माल मोजाचा हाय, याडी. कॉलेजचं काम हाय.”

“मालाच्या पिशव्या खुंटीले टांगल्या हायेत. पेटीत माल नाई.”

“सरनं सांगतलं, घरात हाय थे सगळं मोजा लागते.”

“तुहं कॉलेज माह्या पेटीत कायले शिरलं व?”

मी कुंपणाच्या अलीकडून ऐकत होते. माझं आणि लालीबाईचं तुराट्यांचं कुंपण एकच. भांडण झालं की ती तुराट्या उपटते आणि मी त्या पुन्हा खोवते. त्यामुळं या घरातलं त्या घराला कळत नाही असं काही नाही.

वर्षा यवतमाळच्या कॉलेजात कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. तिच्या सरांनी मुलांना काम दिलं होतं. ओळखीचा एखादा लहानसा धंदा घ्या, त्याचा वर्षाचा जमाखर्च मांडा, नफा-तोटा काढा, ताळेबंद करा आणि धंदा कसा चाललाय ते तुमच्या शब्दांत लिहा. कुणी किराणा घेतला, कुणी चहाची टपरी. वर्षानं आईच्या पिशव्या घेतल्या. लालीबाई कवड्या-आरशांच्या पिशव्या भरते आणि यवतमाळच्या एका दुकानात देते. नवरा रूपसिंग पुण्याकडं बांधकामावर, तो फक्त होळीला उगवतो. घर चालतं ते वेचणीवर आणि या पिशव्यांवर.

पेटीतून वर्षानं फेटिया काढला. आम्हा बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात आणि घागऱ्याला फेटिया. लाल-निळ्या तुकड्यांचा, काठाला कवड्या, घेरभर आरसे, आणि टाके इतके बारीक की बोट फिरवलं तर कापड कुठं संपलं आणि दोरा कुठं लागला ते कळू नये. वर्षा पाळण्यात होती तेव्हा लालीबाईनं तो लेकीच्या लग्नासाठी भरायला घेतला होता. पोरगी दहावीला गेली तरी भरणं चालूच होतं. त्यानं तिचे डोळे खाल्ले. आता तिला बारीक टाका दिसत नाही. पिशव्या भरते त्या जाड्या दोऱ्याच्या, त्याही अर्ध्या हातानं चाचपून.

वर्षानं तो खाटेवर पसरला आणि विचारलं, “याले कापड कितीचं लागलं, याडी?”

लालीबाईच्या डोळ्यांपुढं सगळं होतं. कापड कोणत्या बाजारातून आणलं, कवड्या कुणाकडून, आरसे केवढ्याला, सगळं तिनं सांगितलं. सांगताना तिचा राग उतरला. तिला वाटलं, लेक कौतुकानं विचारते आहे.

मी कुंपणावरून डोकावले. “अन तिची मेहनत कोठी लिवली व, पोरी?”

“थे नाई लिवत, पुष्पाकाकी. धंदा ज्याचा, त्याच्या स्वतःच्या मेहनतीचा खर्च नाई धरत. घरच्या मानसानं केलं तं थे पुस्तकात येत नाई.”

“बरं पुस्तक हाय. म्हनजे मी जन्मभर पुस्तकाच्या बाहेरच!”

पोरगी हसली. मीही हसले. हसायलाच नको होतं, पण तेव्हा कुणाला काय माहीत.

चार-सहा पिशव्यांनी ताळेबंद भरत नव्हता. धंदा फारच फाटका दिसत होता. म्हणून तिनं फेटिया शिल्लक मालात लिहून टाकला. वाईट हेतू नव्हता तिचा. कॉलेजच्या कागदावर आपल्या आईचा धंदा जरा भरलेला दिसावा, एवढंच त्या पोरीला हवं होतं.

दुपारी वेचणीहून बायका परतल्या तेव्हा लिंबाखाली तिनं सगळ्यांना हिशेब वाचून दाखवला. मालमत्ता म्हणजे काय, देणी म्हणजे काय, ते समजावून सांगितलं.

“माह्या नवऱ्याले, धावजीले, कोठी लिवू व?” मी विचारलं. “मालमत्तेत का देण्यात?”

“घसाऱ्यात लिव,” कुणीतरी म्हणालं. “वापरून वापरून झिजते थे घसाऱ्यात जाते, आताच सांगतलं न पोरीनं.”

बायका लोटपोट झाल्या. लालीबाई मात्र हसली नाही. वर्षा वाचत होती, “शिल्लक माल. पिशव्या. बटवे. फेटिया, एक.” तेव्हा लालीबाईनं लेकीकडं पाहिलं, मग खाली मान घालून बोटांना लागलेला कापूस काढत बसली. मी शेजारीच होते. मला वाटलं, दमली असेल.

सुट्टी संपली, वर्षा गेली. जाताना हिशेबाची एक प्रत तिनं आईला दिली. लालीबाईला वाचता येत नाही, पण तिनं तो कागद देवाच्या फळीवर ठेवला.

पुढं थंडी पडली. एके दिवशी तांड्यात एक गाडीवाला व्यापारी आला. जुनं भरतकाम विकत घेत होता. लालीबाईनं स्वतः होऊन पेटी उघडली. फेटिया बाहेर आला तशी मी कुंपण ओलांडून धावले.

“तुले याड लागलं का व? पोरीच्या लग्नाचा हाय थो!”

“पोरीनंच मालात लिवला.”

“लिवला असन. कागद हाय थो!”

“पुष्पा, मले शिक्षण नाई, पन एवढं समजते. जे ठेवाचं रायते थे कोनी मालात लिवते का?” तिचा आवाज शांत होता. “आजकालच्या पोरी नाई घालत हे. तीजेच्या सणाले बी कुर्ता घालून नाचली थे. मले तोंडावर कशी म्हनन? कागदावर लिवून सांगतलं तिनं.”

कुर्त्याचं खरं होतं.

लालीबाईनं फळीवरचा कागद व्यापाऱ्यापुढं धरला. “पाहा भाऊ, याच्यात याचा खर्च लिवला हाय. पोरगी कॉलेजात हाय माही.”

त्यानं कागद वाचला, फेटिया उलटसुलट पाहिला आणि खर्चाच्या वर थोडे पैसे देतो म्हणाला. माझ्या तोंडून शिवी निघाली. लालीबाईनं मलाच गप्प केलं.

“नफ्यात देऊन राह्यली मी. घरच्या मेहनतीचा पैसा धरत नाई, तुह्यासमोरच सांगतलं न तिनं.”

फेटिया गाडीत गेला. लालीबाईनं पेटी पुसली, बंद केली आणि वेचणीला निघून गेली. रडली नाही. उलट त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलत होती.

संक्रांतीला वर्षा आली ती उड्या मारतच. सरांनी तिचा हिशेब वर्गात उभं राहून वाचायला लावला होता, सगळ्यांत चांगला म्हणाले होते. लालीबाईनं लेकीच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि वर पैसे ठेवले.

“घे. तुहा शिल्लक माल गेला. नफ्यात गेला.”

“कोनता माल, याडी?”

लालीबाईनं पेटीकडं बोट केलं. वर्षा पेटीपाशी गेली, झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिली. हातातला तीळगूळ तिनं खाल्लाही नाही, टाकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. यवतमाळजवळ, लोहाऱ्याच्या पुढं त्या व्यापाऱ्याचं गोदाम सापडलं. माणूस वाईट नव्हता, बसायला खुर्च्या दिल्या. म्हणाला, “बाई, अख्खा घागरा कोन घेते आजकाल? उशीचे अभ्रे बनवतो आम्ही. मोठ्या शहरात जातात.” आत शिलाई यंत्रं चालू होती. लालीबाईचा फेटिया कापून, शिवून, बांधून कधीच गेला होता. एकच अभ्रा मागं राहिला होता, टाक्यात थोडी चूक झाली म्हणून. त्यावर किमतीची चिठ्ठी होती. ती वर्षानं वाचली, मीही वाचली. आईनं दिलेले सगळे पैसे तिनं त्या माणसापुढं ठेवले. पुरत नव्हते. त्यानं आमच्या तोंडाकडं पाहिलं आणि तेवढ्यावर अभ्रा दिला.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. लालीबाई ओट्यावर बसली होती. वर्षानं अभ्रा तिच्या मांडीवर ठेवला. लालीबाईला नीट दिसत नव्हतं, पण बोट फिरलं आणि ती थांबली. तिनं ते कापड उलटं केलं, आतून टाके चाचपले.

“मागच्या घेराचा हाय,” ती म्हणाली. “तुले गोवर निघला होता तवा भरला हा. तू मांडीवरून उतरत नव्हती. एका हातानं भरला.”

वर्षा तिच्या पायाशी बसली आणि आईच्या गुडघ्यावर डोकं आपटून रडायला लागली. “याडी, मी फक्त कागद भरासाठी लिवलं व. मले विकाचा नव्हता. देवाशप्पथ नव्हता.”

लालीबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. समजूत घालत होती. “जाऊ दे. कापूडच होतं. तुह्या कामाचं नव्हतं, गेलं. रडू नको.” मग हात थांबला. “वर्षा, खरं सांग मले. घातला असता का तू?”

मी उंबऱ्यात उभी होते. मला वाटलं, पोरीनं खोटं बोलावं. नाही म्हणावं. आईचं तरी निभावून जाईल.

“घातला असता, याडी,” वर्षा म्हणाली. “मी तं मैत्रिणींले फोटो दाखवला होता त्याचा.”

नको होता म्हणून विकला, याच एका गोष्टीवर लालीबाई इतके दिवस उभी होती. तीच लेकीनं काढून घेतली. लालीबाईनं अभ्रा तोंडावर दाबला आणि अशी रडली की पलीकडच्या घरांतून बायका धावत आल्या. काय झालं, कोण गेलं, विचारायला लागल्या. कुणाला काय सांगणार? मी त्यांना हातानंच मागं सारलं.

“मंग आधी काहून नाई बोलली व,” ती अभ्र्यात तोंड खुपसून म्हणत होती, “आधी काहून नाई बोलली माही माय.”