बेंबीतला मासा

जहाज लागतं त्या दिवशी मी माझी मिनीबस धक्क्याजवळ उभी करते आणि "धबधबा! गरम पाण्याचे झरे! या, बसा!" असं ओरडून घसा फोडते. रोझो बंदरातले सगळेच ड्रायव्हर ओरडतात, पण त्यांच्यात बाई मी एकटीच, म्हणून माझा आवाज लांबून कळतो. त्या बुधवारी मात्र मी गप्प उभी होते.

"काय गं सेल्मा, घसा बसला का?" शेजारच्या बसवाल्यानं विचारलं.

"आज माझं गिऱ्हाईक ठरलेलं आहे," मी म्हटलं.

ते गिऱ्हाईक म्हणजे माझी धाकटी बहीण जुलिटा. त्या दिवशी लागलेल्या जहाजावर ती मुलांच्या खोलीत नोकरी करते. प्रवासी आईबाप पोहायला नाहीतर जेवायला गेले की त्यांची पोरं सांभाळायची, त्यांच्या गालांवर वाघ नि फुलपाखरं रंगवायची, गाणी म्हणायची. तिची स्वतःची पोरं माझ्याकडे असतात, इथल्याच सॅलिसबरी गावात. नवरा अँटिग्वात बांधकामावर, नाताळला तेवढा येतो. तिचं जहाज आमच्या बेटावर कधी लागत नसे. पण त्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्यातरी बेटाचा धक्का दुरुस्तीला निघाला, म्हणून ते एका दिवसापुरतं आमच्याकडे वळलं. जुलिटा फोनवर किंचाळलीच, "ताई, मी येतेय! दुपारपर्यंत सुट्टी दिलीय मला!"

पोरं पहाटेपासून तयार. झारियानं, म्हणजे थोरलीनं, स्वतःच्या वेण्या स्वतः घातल्या आणि त्यांना पिवळे मणी लावले. धाकट्या ओरिननं चर्चमध्ये घालायचा पांढरा शर्ट मागितला. समुद्रावर जायचंय, जुना घाल म्हटलं तर म्हणाला, "मावशी, आपण मम्मीला भेटायला चाललोय, मासे धुवायला नाही." गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून घेतली त्यानं. आई जहाजावर गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. शाळेत सांगत असतो की माझी आई जहाज चालवते.

फाटकातून माणसं येऊ लागली. मग जुलिटा दिसली. नेहमीचीच चाल, पण जरा लंगडत. पाहते तर तिच्या उजव्या पायाला एक पोरगं वेलासारखं गुंडाळलेलं. कुरळे केस, गालावर अर्धा पुसलेला वाघ. मागून त्याचे आईबाप धावत येत होते. बापाच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या, आईच्या छातीशी बांधलेलं तान्हं.

झारियानं धावत जाऊन आईच्या कमरेला मिठी मारली. ओरिन जागचा हलला नाही. तो त्या पोराकडे पाहत राहिला.

"ओरिन, ये ना रे राजा," जुलिटा म्हणाली. एक हात झारियाच्या डोक्यावर, दुसरा ओरिनकडे, आणि पायाला ते पोरगं.

पोरानं विचारलं, "हा कोण?"

"तू कोण?" ओरिन म्हणाला.

"मी रूबेन. मी जुलीचा मित्र."

"ती जुली नाहीये. तिचं नाव मम्मी आहे."

एवढं बोलून ओरिन माझ्या मागे जाऊन उभा राहिला. जुलिटाचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

त्या पोराच्या आईचं नाव याडिरा, नवरा एफ्राइन, माणसं पोर्तो रिकोची. "माफ करा हो," ती घामाघूम होऊन सांगत होती, "यानं फाटकाशी हिला पाहिलं आणि हात सोडून पळाला. रूबेन, चल! जुलीला सुट्टी आहे आज."

रूबेननं पाय सोडला आणि तापलेल्या सिमेंटवर आडवा झाला. पाठीवर पडून टाचा आपटायला लागला. सारा धक्का बघायला लागला. एफ्राइननं एक पिशवी खाली ठेवून त्याला उचललं, तर तो बापाच्या हातून माशासारखा सुळकन निसटला. जुलिटा त्याला समजावायला वाकली आणि माझ्या मागे ओरिनचा श्वास जोरजोरात वाजू लागला. वेळ निघून चालला होता. माझं डोकं फिरलं.

"बसा!" मी ओरडले. "सगळे बसा बसमध्ये! मेरोला चाललोय आम्ही, समुद्रावर. तुम्हीही चला!"

ती माणसं इतकी दमलेली होती, की त्यांनी नकोसुद्धा म्हटलं नाही.

चढताना जुलिटानं मला दंडाला चिमटा काढला. "तुला कुणी सांगितलं होतं गं?"

"तोंडातून निघून गेलं."

"तुझ्या तोंडाला ब्रेक लाव आधी."

ओरिन माझ्या शेजारच्या सीटवर बसला, आईकडे पाठ करून. मागे झारियाचा पट्टा सुरू झाला: शाळा, बाई, शेजारणीची बोकडं, कुणाचं लग्न मोडलं, सगळं एका दमात. जुलिटा हं हं करत होती आणि मधूनमधून आरशातून ओरिनकडे बघत होती. मॅसॅकर गाव मागे टाकलं तेव्हा रूबेन खिडकीवर ताल धरून गायला लागला:

"डोकं भिजलं, कान भिजले,
बेंबीत कोण? बेंबीत मासा!"

जुलिटानं सवयीनं पुढची ओळ धरली, आणि मध्येच थांबली.

मला एकदम कळलं. ते ओरिनचं आंघोळीचं गाणं होतं. तो रांगत होता तेव्हा तिनंच जुळवलेलं. ती गेल्यावर मी एकदा म्हणायला गेले, तर त्यानं तोंडावर हात ठेवून मला गप्प केलं होतं.

ओरिन सीटवर गुडघे टेकून मागे वळला. "ते माझं गाणं आहे."

"नाही, जहाजाचं आहे," रूबेन म्हणाला. "आम्ही रोज म्हणतो."

"मम्मी, ते माझं आहे ना?"

जुलिटा पुढे वाकून म्हणाली, "तुझंच आहे. पहिल्या दिवशी तिथं सगळी पोरं रडत होती आणि मला दुसरं एकही गाणं आठवेना. तुझं तेवढं तोंडात होतं. तुला विचारायला हवं होतं मी."

"हो," ओरिन म्हणाला आणि परत पुढे तोंड करून बसला.

याडिरा बराच वेळ बाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "जुलीला मुलं आहेत हे मला माहीतच नव्हतं. पाच दिवस रोज हिच्या हाती पोरगं देतेय, आणि एकदा विचारलं नाही मी."

"विचारत नाही हो कुणी," जुलिटा हसून म्हणाली. ते हसू कामावरचं होतं.

मेरोला पोचलो तर वेगळाच घोळ. रूबेन बसच्या पायरीवरून उतरेना. "वाळू जळलीय!"

आमच्याकडची वाळू काळी. पण ज्यानं जन्मभर पांढरीच पाहिली, त्याला ती चुलीतून काढल्यासारखी वाटणार. आईनं सांगितलं, बापानं मूठभर आणून दाखवली, तरी हा पायरीला चिकटलेला.

ओरिन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. कमरेवर हात. "जळली नाहीये. अशीच असते ती. तुला काहीच माहीत नाही का?"

"घाण आहे."

"घाण?" ओरिन म्हणाला, आणि पांढऱ्या शर्टासकट वाळूत पालथा पडला. लोळला. उठला तेव्हा फक्त डोळे दिसत होते. माझ्या तोंडून हाय निघाली. तो शर्ट मी आदल्या रात्री इस्त्री केला होता. रूबेन मात्र खदाखदा हसला आणि पायरीवरून थेट त्याच्या शेजारी उडी मारली.

मग एफ्राइनचा नंबर लागला. दोघांनी त्याला गळ्यापर्यंत पुरलं. बिचारा आठवडाभर झोपला नसावा, पुरता पुरता घोरायला लागला. झारियानं त्याच्या छातीवरच्या ढिगाला शिंपल्यांची बटणं लावली. एक शेळी येऊन त्याची गवती टोपी हुंगत होती, मग किनार खायला लागली. याडिरा उठून हाकलेल असं मला वाटलं, पण ती म्हणाली, "खाऊ दे. मला ती टोपी पहिल्यापासून आवडत नाही."

मी माडाखाली जेवण मांडत होते. तळलेल्या बेक, म्हणजे मैद्याच्या जाड पुऱ्या, खारवलेला मासा, विस्तवावर भाजलेला विलायती फणस, बाटलीत चिंचेचं सरबत. पोरं पाण्यात डुंबून आली. ओरिनचा ओला शर्ट अंगाला चिकटला होता, बटणांच्या काजात वाळू बसली होती, आणि त्याला तो काढता येईना. त्यानं ओढून पाहिला, दातांनी धरून पाहिला. मग तो माझ्याकडे यायला निघाला. मी हात पुसून पुढे केले. इतके दिवस त्याची बटणं मीच काढत आले होते ना.

तो माझ्यासमोरून पुढे गेला. जुलिटासमोर जाऊन उभा राहिला आणि हनुवटी वर केली.

तिनं एकेक बटण काढलं. मुद्दाम हळू काढत होती, ते मला दिसत होतं. शेवटच्या बटणापाशी तो म्हणाला, "माझा एक दात पडला. मावशीनं छपरावर टाकला."

"बघू? आ कर."

त्यानं आ केला, तिनं आत बघितलं, आणि मग तो तिच्या मांडीवर बसला तो उठेचना. मी हात तसेच पुढे धरून बसले होते. मग त्याच हातांनी बेक वाढायला घेतल्या. बरं वाटलं आणि जरा टोचलंही, खोटं कशाला सांगू?

जेवताना त्या गाण्याची वाटणी झाली. ओरिननं ठरवून दिलं, की रूबेननं पहिलं कडवं म्हणायचं, दुसरं म्हणायचं नाही. "दुसऱ्यात मासा बाहेर येतो. तो माझा आहे."

"पण मग माझा मासा आतच राहणार?"

"राहू दे. त्याला आवडतं तिथं."

रूबेनला ते पटलं. एफ्राइन टोपी शोधत होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा पोरं गायब. आधी आम्ही हसत हाका मारल्या. मग जुलिटाचा आवाज बदलला. किनाऱ्यावर नाहीत, पाण्यात नाहीत, बसखाली नाहीत. याडिरा तान्ह्याला माझ्या हातात देऊन गुडघाभर पाण्यात धावली. तेवढ्यात पालथ्या घातलेल्या एका होडीच्या खालून रूबेनचा आवाज आला, "ओरिन, मला शू लागलीय."

"दाबून धर!"

"नाही धरवत!"

होडीखालून आधी कुरळं डोकं निघालं आणि माडाकडे पळालं. ओरिन आतच. जुलिटा वाळूवर आडवी झाली आणि होडीखाली डोकं घातलं. मी जवळच होते, मला ऐकू आलं.

"इथं काय करतोयस?"

"आम्ही सापडलो नाही तर जहाज निघून जाईल. मग तू राहशील. त्याचं पण जहाज जाईल, मग तो पण राहील. तो माझ्या खाटेवर झोपेल."

जुलिटा आणखी आत सरकली. "जहाज गेलं तर मला पोहत मागे जावं लागेल. माझं सामान तिथंच आहे, पगार तिथंच आहे. आणि मला पोहता कुठं येतं?"

"तुला पोहता येत नाही?"

"अजिबात नाही. कुणाला सांगू नकोस. जहाजावर मी सांगितलेलं नाहीये."

हे ओरिनला फारच धक्कादायक वाटलं. तो सरपटत बाहेर आला. "मम्मी, तू पाण्यात राहतेस आणि पोहता येत नाही?"

"आंबे पिकले की मी येणार आहे, तेव्हा शिकव."

"पण रडायचं नाही. नाकात पाणी गेलं तरी."

"नाही रडणार," ती म्हणाली, आणि डोळे पुसत उठली.

मग मी जी बस हाणली! वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. पोरं प्रत्येक वळणावर "अजून जोरात!" म्हणत होती आणि एफ्राइन डोळे मिटून कुठल्या कुठल्या संतांची नावं घेत होता. धक्क्यावर शिडीपाशी दोनच माणसं उरली होती, घड्याळाकडे बघत. जुलिटानं ओरिनचे गाल, झारियाचे गाल, मग चुकून माझेही गाल चुंबून टाकले. याडिरा मला म्हणाली, "मी रोज विचारीन हिला मुलांबद्दल. जहाजावर आहोत तोवर." मग ती सगळी पळतच फाटकाआड गेली. रूबेन बापाच्या खांद्यावर उलटा लटकून हात हलवत होता.

जहाज दूर जाईपर्यंत आम्ही उभे राहिलो. ओरिन बसमध्ये चढला आणि तिथल्या तिथं झोपला. झारिया मात्र चढेना. दिवसभर एवढी बडबड केलेली पोर, पिवळे मणी मुठीत धरून उभी. मी तिला जवळ घेतलं तेव्हा ती रडली, आवाज न करता, बराच वेळ. मग नाक ओढून म्हणाली, "मी पुढे बसू?" मी तिला पुढे बसवलं आणि हॉर्न तिच्या ताब्यात दिला.

परतीच्या वाटेवर लोक हात करू लागले. बस रिकामी कशाला न्यायची, म्हणून मी घेत गेले. बाजारातल्या बायका टोपल्या घेऊन चढल्या, शाळेतली पोरं चढली, माहो गावात एक जाडजूड मेकॅनिक चढला आणि ओरिनच्या पायावर बसणार तोच ओरिन जागा झाला.

"अगं बाई, हे वाळूनं माखलेलं कोळशाचं पोतं कुणाचं?" एका बाजारवालीनं विचारलं.

"मी ओरिन. माझी मम्मी आली होती."

"असं? कुठून आली होती?"

मग त्यानं सीटवर उभं राहून सांगायला सुरुवात केली. त्याच्या सांगण्यात जहाज डोंगराएवढं होतं, शेळीनं अख्खा माणूस खाल्ला होता, आणि रूबेन बुडता बुडता ओरिननं त्याला केसांना धरून बाहेर काढलं होतं. बायका "हो का!" आणि "देवा रे!" करत होत्या. मेकॅनिकला सेंट जोसेफला उतरायचं होतं, तो उतरला नाही. मी पुढे बघत बस चालवत राहिले, आणि झारिया जिथं जिथं ओरिन फार मोठी थाप मारायचा, तिथं तिथं हॉर्न वाजवत होती.