कॅप्टनचं धुकं

पुढच्या खोलीत विमानतळ आला, तेव्हा शिवणयंत्र घरातल्या बोळात गेलं.

त्या बोळात बसून धाकटी लोकांच्या घरांचे पडदे शिवायची आणि पुढच्या खोलीत तिचा दादा जग फिरायचा. विमान उडवायच्या कॉम्प्युटर-खेळाचे तीन स्क्रीन कमानीसारखे मांडलेले, समोर विमानाचं सुकाणू, पायाशी दोन पेडलं. पेडल धाकटीच्याही पायाशी होतं. तिने दाबलं की कुणाच्या तरी खिडकीचं ऊन अडवणारा पडदा तयार व्हायचा. त्याने दाबलं की तो कुठल्याशा समुद्रावर डावीकडे वळायचा, आणि खुर्चीत होता तसाच असायचा.

दादाने जन्मभर एका मोठ्या ऑफिसात लिफ्ट चालवली. वर, खाली, पुन्हा वर. माणसं दार उघडलं की आपापल्या कामाला निघून जायची, हा आतच. वर जायचं आणि कुठेच पोचायचं नाही, ही कला त्याला तिथेच साधली असावी. निवृत्त झाला आणि कॅप्टन झाला. गल्लीतल्या पोरांनी चिडवायला ठेवलेलं नाव, पण याने ते पदवीसारखं मिरवलं. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, खांद्यांवर सोनेरी पट्ट्या. पट्ट्या धाकटीनेच शिवून दिल्या होत्या, कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या पडद्याची झालर उरली होती त्यातून. शिवताना तिला हसू आवरेना. आता त्या पट्ट्या धुवायला टाकायच्या झाल्या तरी ती चिमटीत धरून टाकायची.

"पाय वर घे, केर काढायचाय."

"थांब. उतरतोय."

"कुठे?"

"वाळवंटात."

"मग तिथला केर राहू दे. इथला काढू दे."

दादाने पाय वर घेतले. विमान हललं नाही. त्याचं म्हणणं, यंत्राला सांगून ठेवलं की ते आपलं आपण उडतं. धाकटी म्हणाली, मग तुझी तरी काय गरज आहे? दादाने ते ऐकलं नाही. तोवर कानांवर हेडफोन चढले होते.

एरवी हे सगळं तिने गिळलं असतं. दोघंही एकटी, म्हणून एकत्र. एकाने उडावं, दुसरीने शिवावं, दिवस जातात. पण ताईचा फोन आला.

ताई दोघांहून थोरली. बसने अख्खा दिवस जातो एवढ्या लांबच्या गावात तिचं घर. आई दुकानात बसायची तेव्हा धाकटीचे केस ताईच विंचरायची. गुडघ्यांत घट्ट धरून बसवायची आणि फणी फिरवता फिरवता स्वतःच जुळवलेलं गुणगुणायची:

*भांग काढिते मी सरळ, जशी शेतातली वाट,*
*माझ्या धाकटीला बाई कधी लागू नये नाट.*

त्या ताईचा उजवा डोळा केव्हाच गेला होता. आता डावाही चालला होता.

"कडेकडेने अंधार आत येतोय गं," ताई फोनवर म्हणाली. "मधे खिडकीएवढा उजेड उरलाय. डॉक्टर म्हणाले, तोही राहायचा नाही. त्याच्या आत या दोघं. तुमची तोंडं एकदा पोटभर बघून घेते."

धाकटी त्याच दिवशी निघाली असती. पण ताईने दोघांना बोलावलं होतं. दादा म्हणाला, "एकटी कशाला जातेस? मी नेतो ना!" मग एकदा त्याचं पोट बिघडलं. एकदा कंबर धरली. बसचं नाव काढलं की त्याच्या अंगातला एकेक अवयव रजेवर जायचा. पृथ्वीला दोनदा वळसा घातलेला हा माणूस नाक्यापलीकडे गेला नव्हता, हे धाकटीला ठाऊक होतं. घाबरतो म्हणून तिने त्याला माफ केलं असतं, ती स्वतःही पालीला घाबरायची. पण भीतीच्या डोक्यावर टोपी घालून तो ती मिरवायचा, याची तिला शिसारी यायची.

तिसऱ्यांदा विषय काढला तेव्हा दादाने शेजारी खुर्ची ओढली.

"बस. आत्ता नेतो ताईकडे. पट्टा बांध."

"कुठे आहे पट्टा?"

"बांधला असं समज."

हात पिठाचे होते, तरी ती बसली. मनात कुठेतरी वेडी आशा होतीच. डोंगर आले, गेले. नदी चकाकली. खरंच छान दिसत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. मग दादाने विमान एका बाजूला कलंडवलं आणि बोट दाखवलं. "ते बघ. ताईचं घर."

धाकटीने पाहिलं. ताईचं घर बैठं, कौलारू, दाराला निळा रंग, शेजारी लाकडाची वखार. इथे दहा मजल्यांची करड्या रंगाची इमारत उभी होती आणि वखारीच्या जागी तळं होतं.

"दादा, हे ताईचं घर नाही."

"जागा अगदी बरोबर आहे. आकडे बघ."

"अरे, पण घर?"

दादाने आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाला, "बांधली असेल इमारत. कळवलं नसेल आपल्याला."

धाकटी उठली. सुकाणूवर पिठाची पाच बोटं उमटवून कणीक मळायला गेली. दिसायची बंद होत चाललेली ताई स्वतःचं दार अजून ओळखत होती. आणि हा दोन धड डोळ्यांचा माणूस यंत्रावर विसंबून बहिणीचं घर पाडून मोकळा झाला होता.

तिने तिकिटं काढली. दोन.

निघायच्या सकाळी तिची पिशवी दाराशी तयार होती. दादाचीही तिनेच भरली होती. तो मात्र खुर्चीत. टोपी घालून, गंभीर चेहऱ्याने.

"रद्द," तो म्हणाला.

"काय रद्द?"

"जाणं. आत्ताच तिथलं खरं हवामान घेतलं. दाट धुकं आहे. धावपट्टी दिसत नाही."

धाकटीला क्षणभर कळेचना. "दादा, आपण बसने जाणार आहोत."

दादा थबकला. तोंड उघडलं, मिटलं. तेवढ्यात, त्या मिटलेल्या तोंडाच्या कोपऱ्यात, तिला लहानपणचा, जिना उतरताना कठडा धरणारा दादा दिसला. पण लगेच त्याने टोपी सारखी केली.

"नियम तो नियम. धुक्यात मी माणसं घेऊन निघत नाही."

"कुठली माणसं? मी एकटीच तर आहे!"

"एक असली तरी जबाबदारी तेवढीच."

"जबाबदारी!" धाकटी म्हणाली. पुढे पुष्कळ बोलायचं होतं, जन्माचं साठलेलं. पण बस सुटली असती. तिने त्याची पिशवी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "घे. सामान चढलं. आता बस उडत."

धुकं खोटं नव्हतं, हे मात्र खरं. संध्याकाळी बस ताईच्या गावात शिरली ती गोगलगाईसारखी. ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून चालवत होता, शिव्या देत होता आणि पोचवत होता.

निळं दार होतं. वखार होती. ताई फाटकाशी उभी होती, हवेत हात पुढे करून.

"कोण? धाकटी? मला नुसतं पांढरं दिसतंय गं. संपलं वाटतं सगळं?"

"धुकं आहे ताई. मलाही दिसत नाहीये. आत चल."

आत दिवा होता. ताईने तिला दिव्याखाली बसवलं. मान कलती करून त्या उरलेल्या खिडकीतून ती बघायला लागली. आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटी. तुकड्यातुकड्याने, जसं कुणी फाटलेलं चित्र जुळवावं तसं.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीने उचलला, तर खोलीभर इंजिनाची घरघर.

"ताई आहे का जवळ? तिला अंगणात आण! ढगांच्या वर चढलो, वर सगळं लख्ख आहे. बरोब्बर तुमच्या घरावरून जातोय. हात हलव म्हणावं!"

"दादा आलाय?" ताई लगबगीने उठली. खुर्चीला अडखळली, दाराची चौकट चाचपत अंगणात गेली आणि मान वर करून उभी राहिली. वर धुकं, त्याच्या वर अंधारायला लागलेलं रिकामं आभाळ. ताई तो उरलेला डोळा ताणून ताणून शोधत होती. डोळ्यातून पाणी यायला लागलं. "कुठे गं? मला दिसत नाहीये. तुला दिसतोय का?"

"दिसलो का?" फोनमधून कॅप्टन ओरडला. "पंख हलवतोय मी!"

धाकटीने फोन बंद केला. मग ताईची हनुवटी तळहातात धरली, एकेकाळी ताई तिची धरायची तशी, आणि हळूच खाली, आपल्याकडे वळवली.

"तिथे कुणी नाही ताई. इकडे बघ."

तिने ताईला दारातून आलेल्या उजेडात आणलं. ताई बघत राहिली. मग बोट उचलून तिने धाकटीच्या केसांवरून फिरवलं.

"भांग वाकडा काढलायस," ती म्हणाली. "फणी आण."