घुमटाखालच्या दोन खुर्च्या

लेकीने खुर्ची ओढत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली. तशीच दुसरी खुर्ची गोल दालनाच्या पार पलीकडे होती.

“एवढंच?” आईने विचारलं. “बाकीच्या कलाकारांनी कमानींना रेशीम काय गुंडाळलंय, जिन्यावर आरसे काय लावलेत! आणि तुझ्या नुसत्या खुर्च्या. त्याही रुसून बसल्यासारख्या.”

लेक हसली. “उरलेलं काम इमारत करते, आई. इथे भिंतीशी हळू बोललं, की आवाज फिरून थेट पलीकडे कानाशी येतो. कोर्ट होतं तेव्हा जाणते वकील इथे तोंड उघडायचे नाहीत म्हणे.”

आई वर घुमटाकडे बघत राहिली. ती इथे शेवटची आली ती घटस्फोटाच्या निकालाला. नंतर हा रस्ताही तिने टाळला. आज लेकीचं पहिलं प्रदर्शन, म्हणून आली.

“तू आत होतीस तेव्हा मावशीने मला इथेच बसवलं होतं,” लेक म्हणाली. “बाबा तिकडे वकिलाशी बोलत होते. मला सगळं ऐकू आलं.”

“त्यात ऐकण्यासारखं काय होतं? तुला मागितलंसुद्धा नाही त्यांनी.”

“वकील मागा म्हणत होते. बाबा म्हणाले, नको. ती आईच्या कुशीशिवाय झोपत नाही.”

आईने लेकीच्या खांद्यावरची धूळ झटकली. नसलेली धूळही झटकली.

“इतकी वर्षं बोलली नाहीस ते?”

“त्यांचा विषय निघाला की तू उठून जायचीस.”

दारं उघडली. माणसं आत येऊ लागली, तशी लेक त्यांच्या स्वागताला गेली. गर्दीतून एक पिकल्या केसांचा माणूस भिंतीच्या आधाराने चालत पलीकडच्या खुर्चीपर्यंत पोचला आणि बसला. त्याने इकडे पाहिलं नाही. आईने मात्र त्याला नुसत्या पाठीवरून ओळखलं.

दार चार पावलांवर होतं. ती दाराकडे वळली, थांबली, आणि येऊन खुर्चीत बसली. ती भिंतीकडे वाकली. नावाने तर तिने त्याला कधी हाक मारलीच नव्हती.

“अहो,” ती भिंतीला म्हणाली.

पलीकडची पाठ ताठ झाली. मग अगदी कानाशी, कोणीतरी घसा साफ केला.

“बोल.”

तिने मांडीवरची पर्स खाली ठेवली.